सिद्धान्ताला नाही म्हणणारी ओवी

१९६७ साली रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. कृतीचा अर्थ लेखकाच्या हेतूत किंवा चरित्रात शोधू नका, लेखन सुरू झाले की लेखक मागे पडतो आणि अर्थ वाचकाच्या ठायी गोळा होतो, असे त्याचे म्हणणे होते. काही पानांचा हा निबंध पुढे जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला, आपल्याकडे एम. ए.च्या वर्गातही आला. तो हाती घेऊन जात्यावरच्या ओवीकडे गेलो तर काय होते?

ओवीला बार्थच्या अर्थाने लेखक नाहीच. एक बाई दळता दळता ओवी म्हणते, समोर बसून त्याच खुंट्याला हात लावणारी दुसरी ती उचलते, लेकीबरोबर ती ओवी सासरी जाते आणि तिथल्या ओव्यांत मिसळून जाते. ही कुणाची, असे विचारले तर कुणीच हक्क सांगत नाही. पण त्याच ओवीत गाणारी आपल्या भावाचे नाव गुंफते, लेकाचे नाव घेते, आपल्या गावची वेस, नदी आणि दैवत आणते. शब्द सगळ्यांचे आणि बोलणारी नेमकी एक. बार्थच्या मांडणीत या स्थितीला जागा नाही. त्याच्यासमोर होता छापील पुस्तकाचा, स्वामित्वहक्काचा युरोपीय लेखक. त्या लेखकाचा दबदबा मोडणे तिथे गरजेचे होते आणि बार्थने ते केले. दळणाऱ्या बाईचा कसलाच दबदबा नव्हता. तिचे नाव कुणी लिहूनही ठेवले नव्हते. तिच्या बाबतीत लेखकाचा मृत्यू जाहीर करणे म्हणजे जिला अजून कुणी हाक मारलेली नाही तिला गैरहजर ठरवणे.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, मिशेल फुकोने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. लेखक ही व्यक्ती बाजूला ठेवा, लेखकाचे नाव समाजात कोणते काम करते ते पाहा, आणि हे काम काळाप्रमाणे कसे बदलते ते तपासा. हा प्रश्न आपल्याला जास्त उपयोगी पडतो, कारण तो उत्तर आधीच ठरवून येत नाही. संतकाव्यातली नाममुद्रा घ्या. नामदेवांच्या गाथेत एकाहून अधिक नामे आहेत, त्यांतला विष्णुदास नामा अभ्यासकांना सतत अडवत आला आहे. जनाबाईंचे अभंग त्याच गाथेच्या आश्रयाने टिकले. नाव ही तिथे मालकीची खूण नव्हती, त्या नावात नंतरच्या माणसाला उभे राहता येत होते. खरा अभंग कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हा वाद छापील गाथांनी तीव्र केला. १८६९ आणि १८७३ मध्ये तुकोबांच्या गाथेचे दोन भाग निरनिराळ्या पोथ्या ताडून छापले गेले, तेव्हापासून आपण तुकोबांकडे एका लेखकाची संहिता म्हणून पाहू लागलो. तसे पाहण्यात लाभही होता. पण ती पाहण्याची एक रीत आहे, आणि ती केव्हा आली ते सांगता येते.

मला म्हणायचे आहे ते एवढेच. सिद्धान्ताची किंमत तो किती कृतींना लागू पडतो यावरून ठरत नाही. कृती जिथे त्याला अडवते, नाही म्हणते, तिथे तो काय करतो यावरून ठरते. अडल्यावर सिद्धान्त बदलला, त्याने आपल्या मर्यादा नव्याने आखल्या, तर तो जिवंत. कृतीचाच अडणारा भाग कापून टाकला, तर अभ्यास तिथेच थांबला. मराठीत गेली चाळीस वर्षे नवे सिद्धान्त येत आहेत आणि त्यांचे स्वागत व्हायलाच हवे, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. तक्रार आहे ती आपण त्यांना अडू देत नाही याची.

ओवी या कामासाठी फार चांगली, कारण तिचा मोठा संग्रह आपल्याजवळ आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभे केलेले काम तर अभ्यासकाला धाप लागावी एवढे आहे. गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या संगीताच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदींची बाजू सांभाळली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आवाजासह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. एवढी सामग्री असताना मराठी समीक्षेचा सिद्धान्तविचार तिच्याभोवती का फिरू नये?

रूपवादाने सुरुवात करू. संहिता स्वयंपूर्ण माना, कवीचा हेतू आणि वाचकाची भावना दोन्ही बाहेर ठेवा, शब्दांची आपसातली बांधणी पाहा, ही शिस्त अमेरिकन नवसमीक्षेने चाळीसच्या दशकात लावली. मर्ढेकरांचे लयतत्त्व वेगळ्या वाटेने आले, पण संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांतून कलाकृतीची घडण उलगडण्याचा त्यांचा आग्रह मराठी वाचनाला कायमची धार देऊन गेला. ओवी या शिस्तीने वाचली की खूप काही दिसते: दोन चरणांतला ताण, पहिल्या ओळीतले निसर्गचित्र आणि दुसरीतले नाते यांची जोड. पण छापलेल्या दोन ओळी म्हणजे ओवी नव्हे. गाताना शब्द मागे-पुढे होतात, अर्धा चरण पुन्हा येतो, मध्ये ‘बाई’, ‘गं’ पेरले जाते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात, आणि एकच ओवी वेगळ्या गळ्यात वेगळी होते. श्वास जात्याच्या फेऱ्यावर चालतो. घास टाकायला हात सुटतो तिथे सूरही क्षणभर सुटतो. म्हणजे लय संहितेच्या आत मावत नाही, तिचा अर्धा भाग दगडात आणि दंडात आहे. मर्ढेकरांचे तत्त्व यामुळे खोटे ठरत नाही, त्याला शरीराचा विचार जोडावा लागतो.

मौखिक साहित्यासाठीचा खास सिद्धान्त अर्थातच आहे. मिल्मन पॅरीने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या वीरगीत गायकांची ध्वनिमुद्रणे केली आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये ते काम ग्रंथरूपाने पूर्णत्वाला नेले. गायक हजारो ओळी पाठ करत नाही, ठरीव शब्दबंधांच्या आधारे प्रत्येक वेळी नव्याने रचतो, हा त्यांचा शोध होमरच्या अभ्यासाला कलाटणी देणारा होता. ओवीतही असे शब्दबंध भरपूर आहेत. फरक असा की युगोस्लाव्हियातला गायक श्रोत्यांपुढे बसून गात होता, त्यांना खिळवून ठेवणे त्याला भाग होते. दळणारी कुणाला खिळवते? घर झोपलेले असते. ऐकणारी असलीच तर समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण, आणि तीही गाणारीच.

इथे आपले जुने साहित्यशास्त्रही अडते, आणि याचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. रससिद्धान्ताला सहृदय लागतो. कवी एकीकडे, सहृदय दुसरीकडे आणि साधारणीकरण त्यांना जोडणारे. साठ-सत्तरच्या दशकांत जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात याउस आणि इझर यांनी वाचकाला केंद्रस्थानी आणले, तेव्हाही वाचक हा कृतीपासून वेगळा उभा असलेलाच होता. ओवी म्हणणारी आणि ओवीने हलणारी बाई एकच असते. आपले दुःख ती दुसऱ्याच्या शब्दांत बोलते आणि ते शब्द तिच्याच कानावर पडतात. तिचे दुःख सर्वांचे होते ते ऐकणाऱ्यापर्यंत जाऊन नव्हे. ते ज्या शब्दांत उतरते, ते शब्द आधीच सर्वांचे असतात. साधारणीकरणाची दिशाच इथे उलटी आहे. हा मुद्दा नीट मांडला गेला तर रसचर्चेला आज खरोखर काही नवे मिळेल, आणि पश्चिमेच्या वाचककेंद्री विचारालाही.

स्त्रीवादी वाचनाचे ऋण मोठे आहे. ओवी ही केवळ सांस्कृतिक ठेव नसून स्त्रीने केलेला विचार आहे, हे आपल्याला त्या वाचनाने शिकवले. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतल्या स्त्रीचा आत्मस्वर ज्या निष्ठेने ऐकला, त्यानंतर ओवीकडे नुसते कौतुकाने पाहणे शक्य राहिले नाही. शिवाय हा विचार मराठीत अलीकडे आयात झाला, असेही नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा आपल्या काळच्या कथा-नाटकांतल्या स्त्रीचित्रणावर त्यांनी थेट बोट ठेवले होते. केट मिलेटचे ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ १९७० चे. पण ओवीत प्रतिकार शोधायचाच असे ठरवून गेले की निवड सुरू होते. सासुरवासाच्या ओव्या उचलल्या जातात, वनवासातल्या सीतेची कैफियत उचलली जाते, आणि भावाच्या कौतुकाच्या, लेकासाठी झुरणाऱ्या, वांझ बाईला टोचणाऱ्या, जातीचा तोरा मिरवणाऱ्या ओव्या टोपलीतच राहतात. दोन्ही प्रकार एकाच बाईच्या तोंडी, एकाच पहाटे येतात. तिला बंडखोर ठरवणे हा तिचा सन्मान वाटतो खरा, पण तिच्या बोलण्यातला आपल्याला सोयीचा भाग तेवढा ऐकणे हा सन्मान कसा? गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या निबंधात नेमके हेच बजावले होते. वंचित बाई बोलत नाही असा त्यांचा रोख नव्हता. ती बोलते तेव्हा ऐकणारी व्यवस्था तिचे बोलणे आपल्या भाषेत फिरवून घेते, ही त्यांची चिंता होती. लाखभर ओव्या समोर असताना हा इशारा अधिकच खरा ठरतो.

या टप्प्यावर कुणी म्हणेल की हे परके सिद्धान्त सोडा, आपली देशी परंपरा घ्या. भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद ही मराठीने स्वतः घडवलेली मोठी साहित्यदृष्टी आहे. ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये आले आणि साहित्य भूमीत, भाषेत, समूहात रुजलेले असते हे म्हणणे पुन्हा कानाआड करता येणार नाही इतक्या जोराने मांडले गेले. पण ओवी देशीवादालाही अडवते. गाणाऱ्या बाईचा देश कोणता? जन्मली ते गाव तिला सोडावे लागले, राहते ते गाव तिचे मानले जात नाही. तिच्या ओव्यांतले अर्धे जग माहेराच्या वाटेवर आहे. देशीवादाने कल्पिलेला माणूस एका मातीत पाय रोवून उभा असतो, आणि तो बहुधा पुरुष असतो. ज्या बाईने या मातीतली सर्वांत देशी कविता रचली, तिला एकाच मातीत रुजायची मुभा नव्हती. रुजणे आणि उपटले जाणे या दोन्हींचा विचार ज्यात आहे, असा देशीवाद अजून लिहायचा आहे.

आकड्यांच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. फ्रँको मोरेत्ती याने २००० साली दूरवाचनाची कल्पना मांडली. मूठभर अभिजात कादंबऱ्या बारकाईने वाचण्यापेक्षा हजारो विसरलेल्या कृतींचे आकृतिबंध मोजा, असा तिचा आग्रह. विषयवार लावलेला ओव्यांचा संग्रह अशा मोजणीला तयार आहे. कोणत्या तालुक्यात सीता जास्त येते, नवऱ्याच्या मानाने भाऊ किती वेळा येतो, हे पाहता येईल आणि पाहावेही. मात्र संग्रहात काय आले हे कुणी, कुणाला, कोणत्या घरात जाऊन विचारले यावर अवलंबून आहे. ध्वनिमुद्रकासमोर न म्हटलेल्या ओव्या कोणत्याच मोजणीत येणार नाहीत. मोजणाऱ्याला हे ठाऊक हवे.

सिद्धान्त कृतीपुढे वाकल्याचे उदाहरण मराठीत आहे आणि ते आपण पुरेसे मनावर घेतलेले नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ ची. पाटणकरांचा ग्रंथ मराठी सौंदर्यशास्त्राचा कळस आहे, त्याच्या तोडीची तात्त्विक चिकाटी आपल्याकडे विरळा. तरीही दलित कवितेपुढे कलामूल्याचा प्रचलित विचार अपुरा पडला. साहित्य ते साहित्य, त्याला वेगळी फूटपट्टी कशाला, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला. बाबुराव बागूल, शरद पाटील आणि १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिणारे शरणकुमार लिंबाळे यांनी तो आक्षेप उलटवला. फूटपट्टी कुणी कोरली, तिने मोजला जाणारा आनंद कुणाचा, हे त्यांनी विचारले. वेदना आणि नकार हे मूल्यविचारात आले, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही साहित्याची मूल्ये म्हणून मांडली गेली. दरम्यान बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले, आणि दलित पुरुषाच्या अनुभवावर बेतलेली मांडणीही अपुरी आहे, हे दिसून आले. प्रत्येक पायरीवर आधी कृती आली आणि सिद्धान्ताला हलावे लागले.

ओव्यांच्या संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, दलित वस्तीतल्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या. ज्या छंदात राम, सीता, विठ्ठल आणि रुक्मिणी आले, त्याच छंदात भीमराव आला. जुना आकार जुनीच मूल्ये वाहतो असे मानणाऱ्यांनी, आणि परंपरा अखंड निर्मळ आहे असे मानणाऱ्यांनीही, या ओव्यांना उत्तर द्यायला हवे. या बायकांनी छंद टाकला नाही, त्यातला देव बदलला. हे लहान काम नव्हे.

अलीकडे रिटा फेल्स्की यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की संशयी वाचन पुरे झाले. पॉल रिकर याने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाच्या परंपरेचे धनी म्हटले होते. प्रत्येक कृतीच्या पोटात दडलेली सत्ता उघडी पाडायची, हा तिथल्या साहित्यविभागांचा एकमेव व्यवसाय होऊन बसला, अशी फेल्स्की यांची २०१५ मधली तक्रार आहे, आणि त्या विभागांपुरती ती रास्त असावी. मराठीत हा निष्कर्ष उचलणे मला घाईचे वाटते. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले आणि रानड्यांना पत्र लिहून कळवले की माणसांचे हक्क नाकारणाऱ्यांच्या सभा आणि पुस्तके आमच्या उपयोगाची नाहीत. हा संशय वर्गात शिकलेला नव्हता, त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता, आणि त्याचे काम अजून संपलेले नाही. शिवाय हेच फुले पोवाडा रचत होते, ‘अखंड’ ही पद्यरचना लिहीत होते. शब्दावरचे प्रेम आणि शब्दाबद्दलचा संशय त्यांच्यात भांडत नव्हते.

मग आपल्या विद्यापीठांत हे अडणे का घडत नाही? बुद्धीची कमतरता हे कारण नाही. गंगाधर पाटील यांनी ‘समीक्षेची नवी रूपे’ १९८१ मध्ये दिली, मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचा ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ २००७ पासून हाताशी आहे. सिद्धान्त समजावून देणारी चांगली पुस्तके आहेत. खोट प्रबंधाच्या रचनेत आहे. नोंदणीच्या वेळीच आराखड्यात गृहीतके लिहून द्यावी लागतात. पहिल्या प्रकरणात सिद्धान्ताचा परिचय, पुढच्या प्रकरणांत त्याचे उपयोजन, शेवटी गृहीतके सिद्ध झाल्याचा निर्वाळा. गृहीतकाची ही कल्पना विज्ञानातून घेतली, पण विज्ञानात गृहीतक फसू शकते आणि फसल्याची नोंद ही मिळकत असते. आपल्याकडे ते कधीच फसत नाही. तीन वर्षे अभ्यास करून संशोधकाला सुरुवातीला माहीत होते तेच शेवटी कळले, तर त्या अभ्यासाचा खर्च कशासाठी? मौखिकी घेणाऱ्याने एक प्रश्न सक्तीने विचारावा: तुमच्या कृतीने तुमच्या सिद्धान्ताला कुठे जुमानले नाही, आणि मग तुम्ही सिद्धान्ताचे काय केलेत? याचे उत्तर देणारे प्रकरण नसेल, तर प्रबंध परत पाठवावा.

ओवीतून निघू शकेल असा एक सिद्धान्त मला दिसतो, आणि तो मराठीतून मांडला जावा अशी माझी फार इच्छा आहे. अॅरिस्टॉटलपासून बार्थपर्यंत साहित्याची जी कल्पना आहे, तिच्यात निर्मिती करणाऱ्याचे हात रिकामे असतात. जाक रान्सिएर याने १९८१ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कामगारांवर लिहिले. दिवसभर राबून हे कामगार रात्रीची झोप चोरून कविता लिहीत. तिथेही काम थांबल्यावरच साहित्य सुरू होते. दळणारीचे काम थांबत नाही. जात्यावरची ओवी, मोटेवरचे गाणे, कापणीतली भलरी ही कामाच्या आतच घडली. काम थांबले की ती थांबली: गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तसे जाते बाजूला पडले आणि ओवी लग्नाच्या हळदीला घाणा भरण्यापुरती उरली. हात गुंतलेले असताना रचले गेलेले साहित्य हा स्वतंत्र वर्ग आहे का, त्याची लय, त्याचा ‘मी’, त्याचा श्रोता वेगळा असतो का, कामाबरोबर त्याचे मरणेही वेगळे असते का, याची नीट मांडणी माझ्या पाहण्यात आलेली नाही. तिच्यासाठी लागणारा पुरावा जगात क्वचितच कुठे इतका एकत्र असेल. तो मराठीत आहे, आणि ऐकता येईल असा आहे.